कॅमेऱ्याच्या बाजूला उभा बाप

“म्हणजे हिरो… एकदाही नाही?”

लेआंद्रोनं विचारलं आणि उत्तर यायच्या आतच स्वतः हसला.

“घोडा झालोय एकदा,” एवारिस्तो मास्तर म्हणाले. “मागचा अर्धा.”

ब्युनोस आयरेस शहराबाहेरचा स्टुडिओ. जेवणाची सुट्टी झालेली. मास्तर आवारातल्या ओट्यावर किटली घेऊन बसले होते. त्या मुलखात कडू पाल्याचा काढा पितात, माते म्हणतात त्याला. भोपळ्याचा एकच वाडगा, त्यात एकच नळी, आणि तोच सगळ्यांत फिरतो. ओतणाराही एकच. पहिल्या पाण्याला जो अर्क उतरतो तो अगदी कडूजहर. तो ओतणाऱ्यानं मुकाट्यानं गिळायचा आणि मग दुसऱ्यांना भरून द्यायचं, अशी तिथली रीत.

मास्तरांनी तो गिळला, तोंड वाकडं केलं आणि पुढचा वाडगा लेआंद्रोला दिला. त्यानं तो घेतला. आपल्याला कुणीतरी भरून द्यायचंच असतं, अशा थाटात घेतला.

पोरगा देखणा होता. ते त्यालाही पक्कं ठाऊक होतं, हीच पंचाईत! पहिलाच सिनेमा आणि त्यात थेट हिरो. मास्तर त्यात त्याचे बाप झाले होते.

“पण मग वाईट नाही वाटत, मास्तर? एवढे सिनेमे… आणि सगळी फुटकळ कामं.”

फुटकळ! अहो, या माणसानं काय केलं नव्हतं? बिशप केला, खिसेकापू केला, निवृत्त जनरल केला. फाशी देणारा केला तेव्हा मंडईतली फळवाली त्यांना संत्रं विकेना. पुढच्या सिनेमात विधुर पोस्टमन केला, तर त्याच बाईनं पिशवी भरून दिली आणि वर डोळ्याला पदर लावावा तशी ओढणी लावली. एका सिनेमात ते नुसतं प्रेत होते. तरी थिएटरातून बाहेर पडणारे लोक म्हणत होते, “तो मेलेला माणूस फार भला असणार हो!” नाव कुणालाच सांगता यायचं नाही. पण ते रस्त्यानं निघाले की लोक थांबायचे. आपल्याच घरातलं कुणीतरी चाललंय, असं वाटायचं त्यांना.

“वाईट…” मास्तरांनी किटली हलवून पाहिली. “वाटतं कधी कधी. घोड्यात फार उकडलं.”

लेआंद्रोनं वाडगा परत केला. “बरं, मग गुपित तरी सांगा. इतकी माणसं होता कसं येतं?”

“तुझा शॉट होऊ दे. मग बोलू.”

दुपारचा प्रसंग साधाच होता. मुलगा कायमचं घर सोडून निघालाय. बाप ताटली पुसतोय. मुलगा दारात उभा राहून बोल बोल बोलतो. बाप एवढंच म्हणतो, “जेवून जा.” आणि मुलगा कोसळतो.

आधी मास्तरांचा क्लोजअप लागला. अशा वेळी समोरच्या नटानं कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून आपली वाक्यं म्हणायची असतात, म्हणजे बोलणाऱ्याला समोर माणूस मिळतो. लेआंद्रो आरशासमोर जाऊन बसला. कॅमेरा आपल्यावर नाही, मग आपलं काय काम तिथं?

त्याची वाक्यं ओतिलियाबाईंनी वाचली. बाई स्क्रिप्ट सांभाळायच्या. वाचायच्या तर बाजाराची यादी वाचावी तसं. मास्तरांनी त्या सपाट आवाजाकडे पोटच्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं आणि पहिल्या फटक्यात शॉट दिला. त्यांचं दिवसाचं काम संपलं.

मग लेआंद्रोची पाळी आली.

“तुम्ही निघालात तरी चालेल, मास्तर,” तो म्हणाला. “मला कुणी लागत नाही समोर.”

मास्तरांनी टोपी घातली. “बरं.”

“जेवून जा,” ओतिलियाबाईंनी वाचलं.

लेआंद्रोनं ओठ थरथरवले. भुवया आवळल्या. डोळे मिटले, उघडले. सगळं केलं, पण आत काही हलेचना.

“पुन्हा,” दिग्दर्शक म्हणाला.

पुन्हा झालं. मग आणखी एकदा झालं. शेवटी दिग्दर्शकानं त्याला बाजूला घेतलं आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “हे बघ, मालकांनी दुसरा मुलगा बघून ठेवलाय. आजचा दिवस गेला तर उद्या तू येऊ नकोस.”

लेआंद्रोच्या तोंडचं पाणी पळालं. गावाकडं आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. आता कुठल्या तोंडानं जायचं? रडायची एवढी कारणं समोर असताना त्याला रडू मात्र येईना!

तेवढ्यात मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मास्तर गेलेच नव्हते. दारापाशी बसून होते. उठले, टोपी काढून खुर्चीवर ठेवली, बापाचा जुना स्वेटर परत अंगात घातला. ओतिलियाबाईंना म्हणाले, “बाई, ती ताटली द्या. ओली करून द्या.”

“तुम्ही फ्रेममध्ये नाही, मास्तर,” कॅमेरामन म्हणाला.

“माहीत आहे.”

ते कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभे राहिले. भिंग लेआंद्रोकडं वळलेलं होतं. मास्तरांचे हात, पाठ, चेहरा… कॅमेऱ्याला काहीच दिसत नव्हतं.

शॉट सुरू झाला. लेआंद्रो बोलू लागला. मास्तर ताटली पुसत होते. ती कोरडी झाली तरी पुसत होते. पोराकडं बघावं म्हणून मान वर आली आणि बघवेना म्हणून पुन्हा खाली गेली. स्वतःच्या शॉटला नव्हतं ते आता त्यांच्या चेहऱ्यावर उतरत होतं. ओतिलियाबाईंनी तोंडावर हात धरला.

मास्तरांनी ताटली टेबलावर ठेवली. पोराच्या बाजूला. सरळ केली.

“जेवून जा…”

लेआंद्रो दाराची चौकट धरून खालीच बसला आणि ढसाढसा रडला. त्यात देखणं असं काही राहिलं नव्हतं. नाक वाहत होतं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायला विसरला.

मग टाळ्या झाल्या. दिग्दर्शकानं लेआंद्रोला मिठी मारली. “वाचलास! असा शॉट वर्षानुवर्षं लोक विसरत नाहीत.”

कॅमेरामन मात्र यंत्रावर हात टेकून तसाच उभा होता. “म्हातारा आत्ता जे करून गेला ना,” तो म्हणाला, “ते कुठंच नाही आता. मी तिकडं बघत होतो आणि कॅमेरा इकडं.”

लेआंद्रोनं ते ऐकलं. टाळ्या चालूच होत्या, पण त्याची मान खाली गेली.

मास्तर पुन्हा ओट्यावर बसले होते. किटलीखाली जाळ पेटवत होते. लेआंद्रो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“मास्तर, तुमच्या शॉटला मी… मी आरशापुढं होतो.”

“हं.”

“आणि माझ्यासाठी तुम्ही तुमचं सगळ्यांत चांगलं काम केलंत. ते कुणालाच दिसणार नाही!” त्याला पुन्हा भरून आलं. “असं कसं करवतं तुम्हाला?”

मास्तर जाळ फुंकत राहिले…

“उद्या सकाळी शेजारणीचं काम करणाऱ्या बाईंचा क्लोजअप आहे,” लेआंद्रो म्हणाला. “मला दुपारी बोलावलंय. मी सकाळीच येतो. समोर उभा राहतो त्यांच्या.”

मास्तरांनी किटली उतरवली. आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते लेआंद्रोनं केलं. किटली त्यांच्या हातातून घेतली. वाडग्यात नवा पाला भरला, नळी खोचली, जपून पाणी ओतलं. मग दोन्ही हातांत वाडगा धरून, मान लववून त्यांच्यापुढं केला.

“मास्तर, पहिला तुम्हाला. तुमचा मान आहे.”

मास्तरांनी वाडग्याकडं पाहिलं. मग एका बोटानं तो हळूच लेआंद्रोच्या छातीशी परत लोटला.

“पहिला ओतणाऱ्याचा.”