भिवराची वाटी, राजाची ताटली

हिवरगडचा म्हातारा कोठावळा काशीला निघून गेला आणि राजवाड्याच्या धान्यकोठीची किल्ली दिवाणजींच्या खुंटीला लटकली. जागेसाठी उमेदवार पुष्कळ आले, पण रंगरावराजांपुढे एकाचाही टिकाव लागेना. एकजण रोज मुजऱ्याला हजर राहून विचारायचा, "महाराज, माझं काय झालं?" राजे म्हणाले, "आज जागेसाठी मानगुटीवर बसलाय, उद्या पगारासाठी बसेल. हाकला!" दुसरा स्वतःला शहाणा समजत होता. त्याने सबंध पावसाळा तोंडातून ब्र काढला नाही. राजे म्हणाले, "याला गरज दिसत नाही. नाव खोडा." उरलेल्यांना दिवाणजी त्रिंबकपंत "कळवू" म्हणत. हिवरगडात त्या दिवसांत सर्वांत जास्त राबला असेल तो हा एक शब्द. कोठीतले उंदीर मात्र कोणाच्या कळवण्याची वाट न पाहता केव्हाच कामावर रुजू झाले होते.

अशात मापाडी सटवाजीची लेक भिवरा दरबारात आली. सटवाजीने जन्मभर राजवाड्याचं धान्य मापलं होतं. आता त्याचे डोळे गेले होते. राहतं घर नोकरीबरोबर मिळालेलं, तेव्हा दसऱ्याला ते रिकामं करा असा हुकूम निघाला होता. त्या घराचा कोपरा न् कोपरा म्हाताऱ्याच्या पायांना पाठ होता. दुसऱ्या घरात त्याला पाण्याचा रांजणही सापडला नसता, आणि भिवराला त्याचीच धास्ती होती. म्हणून तिने बिनझाकणाच्या पितळी डब्यात जवसाची चटणी भरली, वर केळीचं पान बांधलं आणि राजांपुढे ठेवून कोठीची जागा मागितली.

राजांनी चटणी चाखली. आवडली, पण ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी मिशीला पीळ दिला.

"जागेचं दसऱ्याला ठरवीन. तोवर तुझं नाव माझ्या ध्यानात राहिलं पाहिजे. विसरलो, तर जागा गेली."

"मग आठवण द्यायला कवा येऊ, महाराज?"

"यायचं नाही! निरोप नाही, चिठ्ठी नाही, कोणाचा वशिला नाही. मागे लागणारी माणसं मला खपत नाहीत."

"आन गप बसणारी?"

"ती तर मुळीच नाहीत."

दिवाणजींनी मान डोलावली. याहून सरळ अट त्रिभुवनात नसावी, असा त्यांचा चेहरा होता.

"बरं," भिवरा म्हणाली. "डबा हितंच ऱ्हाऊ द्या. आईसाहेबांनी चटणी खाल्ली, की सवडीनं धाडा."

घरी सटवाजी कुरकुरला, "नोकरी गेली ती गेली, डबा बी घालवलास व्हय?"

"जातोय कुठं, आबा? राजवाड्यातनं भांडं कधी रिकामं येत न्हाई."

तसंच झालं. राजमाता आईसाहेबांच्या मते दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देणं म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणं. त्यांनी डबा करंज्यांनी भरला. झाकण नाही, म्हणून वर चांदीची ताटली ठेवली.

डबा घेऊन आलेला हुजऱ्या दारातच उभा राहिला. "ताटली तेवढी दे, बाई. चांदीची हाय."

"देते की. पण रिकामी कशी देऊ?" भिवराने ताटलीत कारळ्याची चटणी घातली आणि धूळ बसू नये म्हणून वर आपली पितळी वाटी उपडी घातली.

झालं! वाटी भिवराची. ती परत देणं राजवाड्याला भाग, आणि रिकामी देणं अशक्य. वाटीत बेसनलाडू आले, वर पुन्हा ताटली. ताटलीत ठेचा गेला, वर पुन्हा वाटी. हुजऱ्याच्या वहाणा झिजल्या, पण त्याची तक्रार नव्हती. लाडू खात खात तो भिवराला राजवाड्यातल्या खबरी सांगायचा. राजे जेवायला बसले की पानात काहीतरी नवं असे. "हे कुठलं?" "मापाड्याच्या भिवराकडचं." पूजेला बसले की आईसाहेब विचारत, "भिवराच्या वाटीत आज काय घालू रे?" एकदा राजे वैतागून म्हणाले, "ठेवून घ्या ती वाटी!" त्यावर आईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे राजाने मापाड्याची वाटी दाबली, असं गावाने म्हणावं?" स्वतःच्या सासऱ्याचं नाव आठवायला राजांना वेळ लागे, पण भिवराचं आता झोपेतही विसरता येत नव्हतं.

दसरा तोंडावर आला आणि दिवाणजींचा माणूस भिवराचं घर बघून गेला. जाताना दाराची कडीही हलवून गेला. भिवराने ती कडी पुन्हा घट्ट लावली. राजा हसेल की चिडेल, कोणी सांगावं? तरी ताटलीवर वाटी उपडी घालायला ती चुकली नाही.

दसऱ्याला दरबारात बोलावणं आलं. राजांपुढे चौरंगावर वाटी होती. पडद्याआड आईसाहेब होत्या.

"मागे लागायचं नाही, असं बजावलं होतं ना?"

"मी कुठं लागले, महाराज? आले न्हाई, निरोप धाडला न्हाई. तुमची ताटली तेवढी तुमाला परत दिली. ठेवून घेतली असती, तर चोर म्हणाला असता."

"आणि वर वाटी?"

"राजाच्या घरी उघडं कसं धाडू?"

"बरोबर आहे पोरीचं," पडदा म्हणाला.

राजांनी कपाळाला हात लावला. "आता या वाटीत असं काय घालू, की माझ्याकडे पुन्हा काही परत येणार नाही? सांगितलंस, तर जागा तुझी. नाही सांगितलंस, तर घर आजच रिकामं कर."

"कोठीची किल्ली घाला, महाराज."

"किल्लीने काय होणार?"

"मी तुमच्याच घरची हुईन. घरातल्या घरात वाटी कोण परत करतंय?"

राजे असे हसले की पगडी सावरावी लागली. दिवाणजीही हसले. जरा उशिरा, महाराज खरंच हसताहेत याची खात्री करून. राजांनी खुंटीवरची किल्ली आणवून स्वतःच्या हाताने वाटीत टाकली आणि सटवाजीचं घर त्याला हयातभर लावून दिलं.

"अरे, पण उघडी कशी देतोस?" पडद्याआडून आईसाहेब म्हणाल्या. "वर ताटली ठेव."

"नको!" राजे आसनावरून उठलेच. "ताटली नको! पोरी, तू आधी वाटी घेऊन पळ!"