नेमिनाथची शिफारस

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. गाव जयसिंगपूर आणि त्याचं नाव नेमिनाथ चौगुले. भोळा हे विशेषण त्याला लोकांनी लावलं नव्हतं, त्यानं आपणहून घेतलं होतं. कुणी चिडून विचारलं, "अरे, तुला एवढंही कळत नाही?" तर तो क्षणभर खरोखर विचार करायचा आणि म्हणायचा, "नाही कळत."

एका बाबतीत मात्र तो पक्का होता. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. फक्त ते कुठं वापरायचं, एवढंच चुकायचं.

तो शैलाताईंच्या कंपनीत कामाला होता. कंपनी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा एक हॉल आणि त्यात पाच माणसं. अण्णा मगदुमांच्या वधूवर मंडळाचं काम कंपनीला नुकतंच मिळालं होतं. मंडळाचा मोठा मेळावा रविवारी होता, आणि स्थळं जुळवणारा प्रोग्राम तिथल्या कॉम्प्युटरवर चालायला हवा होता. हे जमलं तर जिल्ह्यातली आणखी चार मंडळं येणार होती. नाही जमलं, तर पाचातली दोन माणसं घरी बसणार होती. त्यातलं एक कोण, हे नेमिनाथला कुणी सांगायची गरज नव्हती.

सोमवारी शैलाताईंनी त्याला बोलावलं.

"आपला प्रोग्राम इथं चालतो आणि दुसरीकडं नेला की रुसतो. म्हणून तो कंटेनरमध्ये घालायचाय. म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरायचं. डबा कुठंही उघडला तरी आत सगळं जागच्या जागी. असे डबे करणारी दोन सॉफ्टवेअरं आहेत. दुसरं म्हणजे, आपण पाचजण एकाच फाइलीत लिहितो आणि एकमेकांचं पुसतो. कुणी कधी काय बदललं ते चित्रासारखं दाखवणारी सॉफ्टवेअरं असतात. त्यातलीही दोन घे. सगळी वापरून बघ, तुलना कर, एकेक निवड."

"तुलना कशी करू, ताई?"

"डब्यांतला हलका कुठला ते बघ. आपली मशीनं जुनी आहेत."

सॉफ्टवेअरांची नावं इंग्रजी होती आणि नेमिनाथच्या तोंडात बसत नव्हती. त्यानं आपलीच नावं ठेवली. डबेवाल्यांतला एक थोरला, एक धाकटा. चित्रवाल्यांतलं एक रंगीत फांद्या काढून दाखवायचं, ते फांदीवालं. दुसरं सगळं एकाखाली एक दाखवायचं, ते यादीवालं. मग त्यानं थोरला एका लॅपटॉपवर घातला, धाकटा तशाच दुसऱ्या लॅपटॉपवर घातला, दोन्ही लॅपटॉप काखेत मारून तो खाली हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि खिळे जोखायच्या काट्यावर ठेवले.

"धाकटा हलका आहे, ताई. चाळीस ग्रॅमनं."

शैलाताईंनी तो लॅपटॉप उलटा करून पाहिला. त्याचं खालचं झाकण गेल्या दिवाळीपासून नव्हतं.

"नेमिनाथ, हलका म्हणजे वजनानं नव्हे रे. सुरू व्हायला किती वेळ घेतो ते घड्याळ लावून बघायचं. जो वेळ खातो तो जड."

"माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं," नेमिनाथ म्हणाला. "पण तिथं जागा असून उपयोग होत नाही." आणि त्यानं ते लिहून घेतलं.

मंगळवारी अण्णा मगदूम स्वतः आले. शैलाताई फोनवर होत्या. त्यांनी खुणेनंच सांगितलं, अण्णांशी बोल, त्यांना काय हवंय ते समजून घे. नेमिनाथनं अण्णांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि मोबाइलमधलं घड्याळ सुरू करून समोर ठेवलं. अण्णांनी आधी उसाचा विषय काढला. मग गुडघ्याचा. मग पहिल्या मेळाव्यात जिलबी कशी कमी पडली त्याचा. अखेर ते म्हणाले, "तर मुद्दा असा हाय की."

नेमिनाथनं घड्याळ थांबवलं.

"सव्वीस मिनिटं. अण्णा, तुम्ही जड आहात."

अण्णांचं वजन नव्वदच्या पुढं होतं आणि घरी त्यावरून रोज बोलणी बसत होती. त्यांनी चहा अर्धा ठेवला. शैलाताई फोन टाकून त्यांच्या मागोमाग जिना उतरून गेल्या आणि बऱ्याच वेळानं वर आल्या.

"माणसाला घड्याळ लावायचं नसतं," त्या म्हणाल्या. "माणूस बोलतो ते शब्दन् शब्द टिपून ठेवायचं. पुढं तेच कामाला येतं."

नेमिनाथला हे इतकं पटलं की त्यानं त्याच दुपारी सुरुवात केली. चित्रवाल्या सॉफ्टवेअरांची रीत अशी, की फाइलीत काही बदललं की ती एक ओळ मागतात: काय केलंत ते लिहा. शेजारच्या टेबलावर प्रमिला बसायची; नेमिनाथनं लिहिलं, "प्रमिला म्हणाली, पंखा बंद करा." पुढच्या बदलाला लिहिलं, "प्रमिला म्हणाली, आता लावा." दोन दिवस ऑफिसात जो जे बोलला ते त्यानं घातलं, फांदीवाल्यातही आणि यादीवाल्यातही. तुलना समान पायावर व्हावी म्हणून.

गुरुवारी शैलाताईंनी अण्णांना मोठ्या मिनतवारीनं परत बोलावलं, काम कुठवर आलंय ते दाखवायला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर फांदीवालं उघडलं. सुरेख जांभळी फांदी आली आणि तिच्यावर ओळीनं सगळं.

"शैलाताई म्हणाल्या, अण्णा येणार म्हणजे आपली सकाळ गेली."

"शैलाताई म्हणाल्या, दोनशे लग्नं जुळवली, पण दोन वाक्यं जुळवता येत नाहीत त्यांना."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खालपर्यंत वाचलं. "रंग चांगलाय," एवढंच म्हणाले आणि गेले.

नेमिनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो त्या ओळी पुसायला बसला. पण पुसणं हाही एक बदलच, त्यामुळं सॉफ्टवेअरनं विचारलं, काय केलंत ते लिहा. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, "शैलाताई अण्णांविषयी वाईट बोलल्या होत्या ते पुसलं." मग ही ओळ पुसली. तिचीही नोंद झाली. फांदी लांबतच गेली.

"ठेव ते," शैलाताई मागून म्हणाल्या. "डागडुजी करत बसू नकोस. तो डबा बिघडला तर आपण दुरुस्त करतो का? मोडायचा आणि नवा उभा करायचा. दहा सेकंदांचं काम. तसं कर."

तसं त्यानं केलं, पण शनिवारी आणि मेळाव्याच्या मैदानावर. तो तिथं कॉम्प्युटर मांडायला गेला होता. मंडपाचा एक खांब जरा कलला होता आणि मंडपवाला त्याला दोरी बांधत होता.

"डागडुजी करू नका," नेमिनाथ म्हणाला. "अख्खा मोडा आणि नवा उभा करा. दहा सेकंदांचं काम. ताईंनी सांगितलंय."

अण्णांच्या मुलीलाही सगळे ताईच म्हणत. मंडपवाल्यानं कपाळाला हात लावला, माणसं बोलावली आणि चारशे खुर्च्यांवरचा मंडप उतरवला. दिवस मावळेपर्यंत तो परत चढत होता, आणि अण्णा शैलाताईंशी फोनवर बोलत होते. या खेपेला मुद्द्यावर यायला त्यांना सेकंदही लागला नाही.

शैलाताई मैदानावर आल्या तेव्हा त्यांच्यात रागवायचंही त्राण नव्हतं.

"आता कशालाच हात लावू नकोस. रिपोर्ट तेवढा लिही."

"कसा लिहू?"

"आहे तसा. तोटे आधी सांगायचे, लपवायचे नाहीत; पुढं घेणाऱ्याला त्रास होतो. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तुलना. आणि शेवटी एकाचीच शिफारस. गुळमुळीत नको."

नेमिनाथ तिथंच उलट्या टोपलीवर बसला आणि लिहून काढलं. थोरला जागा खातो, सावकाश उठतो. पण जुन्या मशीनवर दगा देत नाही आणि अडलं तर सांगणारे पुष्कळ. धाकटा चटकन उठतो, पण रुसला तर विचारायचं कुणाला? शिफारस: थोरला. फांदीवालं दिसायला देखणं, पण पाचांच्या वर फांद्या झाल्या की बोरीची जाळी होते. यादीवालं कळकट, पण दोघांनी एकाच ओळीत वेगळं लिहिलं तर दोघांचं समोरासमोर दाखवतं आणि भांडण मिटतं. शिफारस: यादीवालं.

शैलाताईंनी तो कागद दोनदा वाचला. "चांगलं लिहिलंयस, नेमिनाथ," त्या म्हणाल्या. असं त्याला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. घरी जाताना तो सायकलवर बसायचं विसरला आणि ती हातात धरून चालत गेला.

रविवारी थोरल्या डब्यातला प्रोग्राम पहिल्या झटक्यात सुरू झाला. अण्णांनी लांबून मान हलवली. सकाळी कुरुंदवाडची पद्मजा पाटील नावाची गणिताची शिक्षिका कॉम्प्युटरपाशी आली आणि हा प्रोग्राम स्थळं जुळवतो कशी, असं तिनं विचारलं. नेमिनाथनं सांगितलं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. सगळं, शेवटपर्यंत. ती गेल्यावर नेमिनाथनं तिच्या नोंदीवरची धूळ बाहीनं पुसली, म्हणजे पडद्यावरची.

आणि अकराच्या सुमाराला पडद्यावर नाव आलं: क्रमांक एकशे बारा, नेमिनाथ चौगुले. त्याच्या आईनं महिन्यापूर्वीच नोंदवलं होतं.

तो स्टेजवर चढला. तिसऱ्या रांगेत पद्मजा बसली होती. आज एक तरी गोष्ट नीट करायची, असं त्यानं ठरवलं. आणि आजवर नीट केलेली एकच गोष्ट त्याला आठवत होती, कालची.

शेजारी एक उंच, हसतमुख माणूस उभा होता. त्यानं माइक पुढं केला. "स्वतःबद्दल थोडक्यात सांगा."

"तोटे आधी सांगतो," नेमिनाथ म्हणाला. "सुरू व्हायला वेळ लागतो, सकाळी आई तीनदा हाक मारते. सांगितलेलं लक्षात राहतं, पण भलत्या ठिकाणी वापरतो. या आठवड्यात एका थोर माणसाला जड म्हणालो. हा मंडप तुम्ही बघताय तो दुसऱ्यांदा उभा केलाय, माझ्यामुळं. नोकरी आहे. उद्या असेल का, ते ताईंना विचारावं लागेल."

मंडप हसायला लागला. आईनं पदर तोंडावर घेतला. पद्मजाही हसत होती, पण ती पुढं सरकून ऐकत होती, आणि तिनं पर्समधून पसंतीची कोरी चिठ्ठी काढली होती. नेमिनाथला ते दिसलं. त्याला धीर आला.

"आता शेजारी ठेवून तुलना. हे बघा." त्यानं उंच माणसाचा दंड धरला. "उंच आहेत. आवाज चांगला. सकाळपासून बघतोय, कुणावर चिडले नाहीत. माझ्या आईला पाणी स्वतः आणून दिलं." तो माणूस माइक काढून घ्यायला लागला. "आणि विनयही आहे. तेव्हा शिफारस गुळमुळीत नको. मला घेऊ नका. हे घ्या."

टाळ्या पडल्या. मेळाव्यात आजवर एवढं खरं कुणी बोललं नव्हतं.

दुपारी चिठ्ठ्या जमल्या. त्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम नेमिनाथचंच होतं. एकशे बारा क्रमांकाला एकही नव्हती. चौदा चिठ्ठ्यांवर क्रमांकच नव्हता, नुसतं लिहिलं होतं, "माइकवाले." त्यातली एक पद्मजाची होती, आणि तिनं खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "निष्कर्ष पटला."

त्या चौदा चिठ्ठ्या घेऊन नेमिनाथ अण्णांकडं गेला. "अण्णा, या मेळाव्यातल्या सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या त्यांना आल्यात. पण त्यांचा क्रमांक सापडत नाही."

"सापडायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "त्यो माझा जावई हाय."

पहिल्या रांगेतून अण्णांची मुलगी उठली, धाकट्या मुलाला कडेवर घेतलं, आणि चिठ्ठ्यांसाठी हात पुढं केला.