केसभर चढवलेली तार

फार फार मागे, एका राजाच्या पदरी मोठा वाद्यमेळ होता. मागे नगारे, मध्ये बासऱ्या आणि पुढे सारंग्यांची रांग. त्या रांगेत पहिल्या जागेवर बसणाऱ्याचा मान मोठा. तो आधी सा देई, मग सारे आपापले वाद्य त्याच्याशी जुळवून घेत. त्याचा गज तारांवर फिरे तसे रांगेतल्या सगळ्यांचे गज फिरत.

त्या जागेवरचे म्हातारे गुरुजी थकले, तेव्हा राजाने त्यांच्या तरुण शिष्याला तिथे बसवले. म्हणाला, वसंतोत्सवापर्यंत वाजव, मग जागा कुणाची ते गुरुजीच सांगतील.

शिष्याचा हात तयार होता. पण एवढ्या मेळात आपला सूर विरून जाईल आणि गुरुजींना तो ओळखूच येणार नाही, अशी धास्ती त्याला वाटे. म्हणून सगळ्यांना सा देऊन झाला की तो हळूच खुंटी पिळी आणि आपली तार केसभर चढवी. मग त्याची सारंगी साऱ्यांच्या वर ऐकू येई.

बासरीवाल्याच्या कानाला ते लागले. "अहो पुढारी," तो म्हणाला, "आम्ही तुमच्या मागून यायचं, की तुम्ही आमच्या डोक्यावरून जाणार?"

बाकीचे हसले. शिष्याला वाटले, जळतात मेले.

उत्सवाच्या दिवशी त्याने खुंटी जरा जास्तच पिळली. वादन रंगात आले आणि तार तुटली.

मेळाची एक रीत होती. पहिल्याची तार तुटली, तर शेजाऱ्याने आपली सारंगी त्याला द्यायची आणि आपण गप्प बसायचे. शेजारी वयस्क होता. त्याची लेक त्या दिवशी सासरहून मुद्दाम त्याचे वादन ऐकायला आली होती. तरी त्याने सारंगी पुढे केली.

शिष्याचा हात सवयीने खुंटीकडे गेला. तेवढ्यात तुटल्या तारेची सारंगी मांडीवर घेऊन बसलेला शेजारी त्याला दिसला. हात तिथेच थांबला. तो आहे त्या सुरात वाजवू लागला. आपला सूर त्याला वेगळा ऐकू येईना. सगळा मेळ मात्र एका गळ्याने गात होता.

वादन संपल्यावर तो मान खाली घालून गुरुजींपुढे उभा राहिला.

"जागा गेली ना, गुरुजी?"

"तार तुटल्यावर तुझी सारंगी कुठली, ते मला कळलंच नाही," गुरुजी म्हणाले. "तेव्हाच जागा तुझी झाली."

शिष्याने सारंगी शेजाऱ्याला परत दिली, आपल्या सारंगीला नवी तार लावली आणि त्याच्या लेकीसाठी मेळाला पुन्हा बसवले. त्याने सा दिला. या वेळी सगळ्यांची वाद्ये जुळली, तरी त्याचा हात खुंटीकडे गेला नाही.

जो सगळ्यांचा सूर सांभाळतो, त्यालाच पुढे बसणे शोभते.