खळ्यावर पळालेली सायकल

काळ्या मातीच्या एका मुलखात, जिथं एका गावावरून पुढच्या गावाची झाडं दिसतात पण पावसाळ्यात तिथवर पोचता पोचत नाही, अशा एका गावी एक सुईण राहत असे. आसपासच्या सगळ्या गावांतली पोरं तिच्याच हातांवर जन्माला आली होती. तिचा नवरा कधीच वारला होता, मूलबाळ झालं नव्हतं. पदर खोचायचा, वहाणा हातात घ्यायच्या, फडकी, दोरा नि तेलाची बाटली घातलेली पिशवी काखेत मारायची आणि निघायचं, हा तिचा जन्माचा शिरस्ता. ऊन असो, चिखल असो, ती चालत जायची आणि वेळेवर पोचायची. सुईणीला उशीर झाला, असं त्या मुलखात कुणी कधी म्हटलं नव्हतं.

पण वय कुणाला चुकलंय? तिचे गुडघे धरू लागले. एक कोस चालली की बांधावर बसायची. मग गावागावांतल्या लोकांच्या मनात आलं, हिनं आपल्यासाठी इतकी पायपीट केली, तर आपण हिला सायकल घेऊन देऊ. सुईणीला सायकल येत होती. लहानपणी बापाच्या सायकलवर दांड्याखालून पाय घालून, कैची मारत ती शिकली होती. बातमी ऐकून तिला इतका आनंद झाला की दिवसभर तिचं कामात लक्ष लागेना.

आता त्या मुलखाची एक रीत सांगायला हवी. तिथं चाकाची कुठलीही वस्तू चैत्रातच घेत. सुगी आटोपलेली, लोक रिकामे, म्हणून चैत्र. आणि वस्तू पारखायची ती खळ्यावर. गावाबाहेरचं मोठं खळं झाडून, शेणानं सारवून गुळगुळीत करत. त्याच्या एका टोकाला गाडी किंवा सायकल उभी करून तिला एकच ढकल द्यायची. जी जास्त लांब जाईल ती चांगली. आजोबा-पणजोबांपासून असंच चाललेलं. वापरायची वस्तू आठ महिने शेतवाटेवर आणि चार महिने चिखलात, पण पारख मात्र सारवलेल्या खळ्यावर. यात काही चुकतंय असं एवढ्या शहाण्या मंडळींत एकालाही वाटलं नाही.

बाजारगावचा सायकलवाला बैलगाडीत दोन सायकली घालून आला. एक रुंद टायरची, उंच, ओबडधोबड. तिची मडगार्डं चाकापासून अशी लांब बसवलेली की मधे मूठ जावी. दुसरी बारीक टायरची, काळीभोर, अंगावर सोनेरी रेघ ओढलेली. तिचं मडगार्ड चाकाला अगदी चिकटून होतं आणि चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्यात नेमकं बसलेलं होतं. ती नुसती उभी असली तरी डोळ्यांत भरत होती.

सायकलवाला सुईणीला म्हणाला, "बाई, तुम्ही पावसातबी फिरता. तुम्ही ही रुंदवाली घ्या. हिच्या चाकाला मोकळी जागा हाये."

"मोकळी जागा घेऊन काय करायचं?" पाटील म्हणाले. "तिथं काय दाणे साठवायचेत?"

सगळं खळं हसलं. मग ढकल देण्यात आली. रुंद टायरची सायकल थोडी गेली, डुलली आणि खळ्याच्या मधेच आडवी झाली. सोनेरी रेघेची मात्र जी सुटली ती खळं ओलांडून पार कडब्याच्या गंजीला जाऊन टेकली. पोरांनी टाळ्या पिटल्या. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आता फक्त सुईणीनं हो म्हणायचं राहिलं होतं.

ती काळ्याभोर सायकलीजवळ गेली. हँडलवरून हात फिरवला. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिनं चाक आणि मडगार्ड यांच्यामधे बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही. तिच्या मनात लगेच आलं, भादव्यातला चिखल इथं शिरला तर निघायचा कुठून? जन्मभर तो चिखल तिनं पायानं तुडवला होता. तो कसा चिकटतो, वहाणेखाली कसा थरावर थर चढतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोक म्हणाले, बिचारीला काय माहीत. तिला माहीत होतं.

पण तिला ती सायकल फार आवडली होती. तिच्या वाट्याला नवी वस्तू क्वचितच आली आणि आली ती चार दिवसांत चिखला-रक्तानं माखली. आयुष्यात एकदा तरी काहीतरी देखणं आपलं असावं, असं तिला वाटलं. यात पाप काय होतं? काहीच नाही. शिवाय एवढी माणसं कौतुकानं बघत होती. त्यांच्यासमोर ती ओबडधोबड सायकल मागायची तर कारण सांगावं लागलं असतं, आणि पुन्हा सगळे हसले असते. सुईण गप्प राहिली आणि सोनेरी रेघेच्या सायकलीला तिनं फूल वाहून होकार दिला.

उन्हाळा मोठ्या झोकात गेला. वाटा टणक होत्या. सुईण सायकलवरून अशी जायची की बांधावरची माणसं हातातलं काम सोडून बघत राहायची. जिथं जायला पूर्वी अर्धा दिवस लागे तिथं ती न्याहारीच्या वेळेला हजर. रोज संध्याकाळी ती सायकल तेलाच्या फडक्यानं पुसायची. गुडघ्यांचं दुखणं तर ती विसरूनच गेली.

त्याच उन्हाळ्यात ती पलीकडच्या गावी सगुणेला भेटायला गेली. सगुणा म्हणजे तिच्या हातांवर जन्मलेल्या शेकडो पोरींतली एक, पण वेगळी. सगुणेची आई ती पाळण्यात असतानाच गेली, बापही टिकला नाही, तेव्हा सुईणीनंच तिला वाढवली आणि लग्न लावून दिलं. पोरीला दुसरं माहेर नव्हतं. आता तिला दिवस गेले होते आणि ती घाबरली होती. आपली आई बाळंतपणानंतर उठलीच नाही, हे तिनं कुठून तरी ऐकलं होतं.

"मावशे, माझ्या येळेला तूच ये," ती सुईणीचा हात धरून म्हणाली. "दुसरी कुणी नको."

"मी नाही तर कोण येणार गं?" सुईण म्हणाली. "आता तर सायकल हाय. तुझी कळ उठायला आन् मी दारात यायला एकच गाठ पडंल."

सगुणा हसली. सुईणीच्या शब्दावर तिचा पुरता विश्वास होता, आणि इतक्या वर्षांत तो खोटा ठरावा असं काही घडलंही नव्हतं.

भादवा लागला. चार दिवस पावसानं उसंत दिली नाही. पाचव्या दिवशी सकाळी जरा उघडलं आणि सगुणेच्या सासरचा गडी चिखल तुडवत दारात आला. पहाटेपासून कळा सुरू झाल्यात, लवकर चला, एवढंच तो म्हणाला आणि सगुणेच्या नवऱ्याला कळवायला तसाच बाजारगावी निघून गेला. सुईणीनं चुलीतला जाळ विझवला, पिशवी सायकलीला बांधली. शेजारीण म्हणाली, वाट फार वाईट आहे, चालत गेलीस तर बरं. सुईणीनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. सायकल असताना चालायचं, हे आता तिच्या मनातच येत नव्हतं.

गावाजवळचा मुरुमाचा रस्ता झपाट्यानं सरला. पुढं काळी वाट लागली. थोडं गेली असेल नसेल, पुढचं चाक जड झालं. आणखी थोडं गेल्यावर ते फिरेनाच. ती उतरली. चाक आणि मडगार्ड यांच्यामधे चिखल गच्च बसला होता. तिनं बोटानं काढायला पाहिलं, बोट जाईना. तुरीची काडी मोडून आणली, काडीही जाईना. नखं मोडेपर्यंत कोरून तिनं चाक सुटं केलं, हातभर पुढं नेलं आणि ते पुन्हा अडलं. तिनं दोन्ही हातांनी मडगार्ड ओढलं, ते वाकलं पण निघालं नाही. मागच्या चाकाचीही तीच गत. मग तिनं सायकल ओढायला सुरुवात केली. न फिरणारी चाकं नांगरासारखी मातीत रुतत होती.

अर्धी वाट अशी गेली. ऊन डोक्यावर आलं. शेवटी तिनं सायकल उचलून खांद्यावर घेतली. एरवी तिला ती पेलली असती, पण आता तिला मणभर माती लागलेली. चार पावलं टाकायची नि थांबायचं, असं चाललं. वाटेत एक बाभळ होती. तिथं ती थांबली. सायकल बुंध्याला टेकवावी, पिशवी घ्यावी आणि चालू लागावं, असं तिच्या मनात आलं. तिनं सायकल उतरवलीही. मग तिची नजर सोनेरी रेघेवर गेली. चिखलातूनही ती थोडी दिसत होती. एवढ्या गावांनी प्रेमानं दिलेली वस्तू रानात कशी टाकायची? कुणी नेली तर? लोक काय म्हणतील? दाईला दिलेली सायकल तिनं चिखलात फेकली, असंच ना? तिनं पदर खांद्यावर दुमडून घेतला आणि सायकल पुन्हा उचलली.

मला या ठिकाणी तिचा राग येतो. तुम्हालाही येत असेल. पण आपल्या खांद्यावर काय काय आहे हेही एकदा बघून घ्यावं.

ती सगुणेच्या दाराशी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात बायका बसल्या होत्या. आतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं. क्षणभर सुईणीचा जीव भांड्यात पडला. मग तिनं बायकांची उतरलेली तोंडं बघितली.

सगुणेची सासू उठून पुढं आली. बाळ दुपारीच झालं होतं. पण नाळेमागची वार पडेना, रक्त थांबेना. घरात बायका होत्या, पण हात घालायचं धाडस कुणालाच झालं नाही. सुईणीनं आजवर अशा कितीजणींना ओढून परत आणलं होतं. तिच्या हातांना ते काम येत होतं आणि ते हात दिवसभर एका चाकातला चिखल कोरत होते.

सासूनं सुईणीच्या खांद्याकडे पाहिलं. सायकल अजून तिथंच होती. उतरवायचं तिला सुचलंच नव्हतं.

"ऊन कलेपर्यंत तुझी वाट बघत होती," सासू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दर पावसाळ्यात तू चालत आलीस, बाई. आन् येळेवर आलीस."

सुईणीनं सायकल अंगणात ठेवली, हात धुतले आणि आत गेली. बाळाला पुसलं, नाळ बघितली, कोऱ्या फडक्यात गुंडाळलं. मग सगुणेच्या उशाशी बसून तिचे केस विंचरले. लग्नाच्या दिवशीही तिनंच विंचरले होते. तेव्हा मात्र तिला रडू आवरलं नाही, आणि ते पुढं कितीतरी दिवस आवरलं नाही.

लोकांनी तिला दोष दिला नाही. पाटील म्हणाले, पोरीचं आयुष्य तेवढंच होतं. कुणी पावसाला बोल लावला, कुणी वाटेला. सुईणीनं ते ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मी बोट घालून पाहिलं होतं आणि मला तेव्हाच कळलं होतं. वाटेत बाभळ होती, तिथं सायकल ठेवता आली असती, हेही सांगितलं.

तिनं ती सायकल सायकलवाल्याला परत दिली आणि बदल्यात रुंद टायरची घेतली. ती सायकल दिसायला होती तशीच होती. चिखलात तीही अडायची, नाही असं नाही. पण मूठभर जागा होती, काडी घालून माती पाडता यायची आणि चाक पुन्हा फिरायचं. जिथं अगदीच चालेना तिथं सुईण तिला झाडाला टेकवून पायी पुढं जायची. त्यानंतर तिला कुठंही उशीर झाला नाही. पोरं जन्मत राहिली, बायका तिला दुवा देत राहिल्या, आणि दुवा ऐकताना ती मान खाली घालायची.

सगुणेच्या गावाला मात्र ती सायकलवरून कधी शिरली नाही. वाट टणक असो, ऊन असो, शिवेवर उतरायची आणि सायकल हातात धरून चालत जायची. सगुणेची लेक आता मोठी झाली होती. लांबून आजी दिसली की पळत यायची, सायकलवर बसायचा हट्ट धरायची. सुईण तिला मागं बसवायची आणि पुढं स्वतः पायीच चालायची.

"आजी, तूबी बस की. चालतीस कशाला?" एकदा पोरीनं विचारलं.

सुईण चालता चालता म्हणाली, "तुझ्या आईकडं मी चालत यायला पायजे होतं, बाय."

तात्पर्य: जी वस्तू वाईट दिवसांत वापरायची, ती चांगल्या दिवसांत निवडताना वाटेवरच्या चिखलाला तिच्यात जागा ठेवावी; आणि तरीही ती अडलीच, तर तिला तिथंच सोडून माणसाकडं जावं.