खरे ठोके कुठल्या मशीनवरचे?

“सर, पण यातले माझे खरे ठोके कुठले धरायचे?”

नंदिता ढिकलेने घाम पुसायच्या आधीच विचारलं.

बोट क्लबच्या हॉलमध्ये वल्हवायची मशीनं दोन प्रकारची होती. एक जमिनीवर घट्ट बसवलेलं. दुसरं रुळांवरचं, ओढलं की अख्खं मशीनच पुढेमागे सरकायचं. पोरीने दोन्हींवर जीव तोडून वल्हवलं होतं. वर अंग किती थकलं ते कळायला कानाच्या पाळीला सुई टोचून रक्तही तपासून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघींच्या बोटीसाठी निवड होती. रेवती आधीच पक्की होती. तिच्या जोडीला एकच जागा, आणि ती नंदिताला हवी म्हणजे हवीच होती.

“घट्ट मशीनवर हृदयाचे ठोके एकशे ऐंशीला जातात,” ती म्हणाली. “रुळांवर तेवढाच जोर लावला तरी कमी राहतात, पण हात भराभर चालतात. तुम्ही कुठलं मशीन धरणार?”

निवड करणारे प्रशिक्षक शेलार सर चहात खारी बुडवत होते. खारी तुटून कपात पडली. त्यांना त्याचंच जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

“तुला कुठलं धरावंसं वाटतं?”

“ज्यावर मी सगळ्यांच्या पुढे आहे ते.”

“म्हणजे कुठलं?”

“दोन्ही.”

सर खुदकन हसले. शिष्ट असली तरी पोरगी खरं बोलत होती.

त्यांनी कप खाली ठेवला. रुळांवरची दोन मशीनं एकामागे एक जोडली, आणि सुटलेलं पोट सावरत मागच्या मशीनवर जाऊन बसले.

“तू पुढे बस. चल, ने मला.”

नंदिता जी सुटली ती सुटलीच. मशीनं रुळांच्या टोकाला धाडकन आपटली. पुन्हा आपटली. तिची नजर मशीनवरच्या आकड्यांच्या पडद्यावरून हलेना.

“ठोके किती?” मागून आवाज आला.

“एकशे बहात्तर. मस्त आहेत.”

“आणि माझे?”

तिने मागे वळून पाहिलं. सरांचं तोंड लालबुंद झालं होतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. एवढ्या धापा टाकत असूनही ते हसत होते. नंदिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“थांबू या का, सर?”

“थांबायचं कशाला? जागा बदलू.”

आता ती मागे. समोर सरांची पाठ. ती पाठ वाकली की हिने वाकायचं. आधी दोनतीनदा आपटलंच... मग आपटणं बंद झालं. नुसती चाकांची घरघर राहिली. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर येतं तसं तिला हसू यायला लागलं, आणि ते आवरेना.

बऱ्याच वेळाने सरांनी हात सोडले.

“आता किती?”

“अगंबाई... बघितलेच नाहीत.” ती चपापली. “मग सर, उद्या निवडीला कुठलं मशीन धरणार?”

सर गुडघ्यावर हात टेकून उठले.

“उद्या रेवतीच्या मागे बस. तुझे ठोके राहू दे, तिला धाप लागली की मला सांग.”