करपल्याचा वास

"मग दुखत कुठंच नसताना माणूस आजारी कसा, तेवढं सांगा चाचा!"

सर्जेरावानं हे तिसऱ्यांदा विचारलं. बाबालालचाचांनी तिसऱ्यांदा खराटा पुढं ओढला.

दुपार टळत आली होती. गावाबाहेरच्या पीरसाहेबाच्या दर्ग्यात दोघंच होते. चाचा खराट्यानं ओटा झाडत होते आणि सर्जेराव त्यांच्या मागं मागं फिरत होता. एवढा पन्नाशीचा बाप्या, पण हट्ट लहान पोरासारखा.

चाचा आता दर्ग्याची सेवा करतात. पण त्याआधी चाळीस वर्षं ते गुळव्या होते. आणि गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा राजाच म्हणा ना. काहिलीत उसाचा रस उकळायला लागला, की मालकसुद्धा हात बांधून बाजूला उभा राहतो. पाक कधी उतरायचा ते गुळव्या सांगणार. त्यानं जरा उशीर केला तर अख्खी काहिल करपली म्हणून समजा.

सर्जेराव हा चाचांचा पट्टशिष्य. आजूबाजूच्या पाच गावांत त्याच्यासारखा गुळव्या नाही, असं लोक म्हणत. लोक विसरले तर तो स्वतःच म्हणे.

अशा माणसाला बारा दिवसांपूर्वी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, की तुम्हाला मधुमेह झालाय. गेला होता बिचारा चष्म्याचा नंबर काढायला. उपाशीपोटी रक्त घेतलं, तर साखर दोनशे ऐंशी. गोळ्या जन्मभर. आणि वर, "चपलेशिवाय पाऊल टाकायचं नाही."

गोळ्यांचं एक वेळ चाललं असतं. चपलेचं त्याला फार लागलं. गुऱ्हाळात काहिलीपाशी कुणी चप्पल घालून चढत नाही. लक्ष्मीची जागा ती! तिथं गुळव्यानंच चप्पल घातली तर जाळ घालणारा गडीसुद्धा तोंडावर हसायचा.

"गोळ्या घेतोस का?" चाचांनी विचारलं.

"हायत की."

"कुठं?"

सर्जेरावानं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला.

"खिशात न्हवं. पोटात किती गेल्या?"

सर्जेरावानं खिशाची गुंडी लावली.

"सर्जा."

"एक बी न्हाई. आजारीच न्हाई तर गोळ्या कशाला गिळू? माझी बायकू, तुमची सून, उगंच सकाळ-संध्याकाळ डोळ्यांतनं पाणी काढती. घरात च्या बिनसाखरेचा. भात मोजून. आवो, माझ्याच घरात मी पाव्हणा झालोय!"

चाचांनी खराटा भिंतीला टेकवला.

"तहान लागती?"

"लागती. उन्हाचं दिवस हायत."

"कार्तिक चाललाय, लेका."

"... लागती."

"रातचं उठाया लागतंय?"

"तीन-चारदा."

"सदरा ढिला झालाय तुझा."

"वय झालं म्हणायचं. तुमचा न्हाई का झाला?"

तोंडाला तोंड द्यायला पहिल्यापासूनच पटाईत. चाचा हसले नाहीत. एरवी हसले असते.

सर्जेराव आता मुद्द्यावर आला. येत्या सोमवारी काहिलीखालचं चुलवण पेटून गुऱ्हाळाचा हंगाम सुरू होणार होता. मालकाच्या कानावर त्याच्या आजाराची गोष्ट गेली होती आणि मालक दुसरा गुळव्या बघतोय अशी कुणकुण होती. पंचवीस वर्षं जिथं उभा राहिला, त्या काहिलीपाशी दुसरा माणूस!

"तुम्ही एक शब्द टाका," तो म्हणाला. "'सर्जाला काय बी झाल्यालं न्हाई', एवढंच बोला. तुमचा शब्द मालक खाली पडू देणार न्हाई. तुमच्या सुनेचं रडणं थांबंल. आणि ह्या गोळ्या मी नदीत टाकून मोकळा हुतो."

"मी काय डॉक्टर हाय?"

"डॉक्टरपरीस मोठं हायसा. सगळा मुलूख येतोय तुमच्याकडं ऊदी न्यायला."

चाचा परत खराट्याकडं वळले. तसा सर्जेरावाला चेव आला. त्यानं उजवा पाय पुढं केला.

"हे पाय बघा चाचा. हे काय आजारी माणसाचं पाय हायत? पाच वर्सांमागं गुऱ्हाळ आटोपलं, चुलवणातली राख ओढून काढली. आत इस्तू धगधगत हुता. मी त्या राखेवरनं ह्या टोकापास्नं त्या टोकापतुर चालत गेलो. चालत! सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. बायाबापड्या पाया पडल्या माझ्या. आणि तुम्ही सोताच्या डोक्याचा फेटा काढून माझ्या डोक्याला बांधलासा. म्हणालासा, हा खरा गुळव्या."

"म्हणालो."

"मग!"

"भाजलं नव्हतं तुला?"

"अजिबात न्हाई! तवापास्नं आजतागायत न्हाई. तुमचाच आशीर्वाद."

चाचांनी त्याच्या पायाकडं बघितलं. मग तोंड फिरवलं.

"ऊद घालायची येळ झाली," ते म्हणाले. "मागं चूल हाय. चार निखारं आण."

सर्जेराव लगबगीनं गेला. चुलीशेजारी चिमटा होता. पण गुळव्यानं चिमटा घ्यायचा? त्यानं बोटांनी निखारे उचलले, खापरात टाकले आणि ऐटीत घेऊन आला. मजारीपुढं ऊददाणी होती, तिच्यात खापर उपडं केलं. आणले होते चार. ऊददाणीत पडले तीन.

त्यानं काही ते मोजले नाहीत. खांबाला टेकून उभा राहिला आणि परत डॉक्टरीणबाईच्या मागं लागला. पोरगी कालची. तिला काय कळतंय? काहिलीची झळ कशी असती हे तिनं जन्मात बघितलं नसेल. ती सर्जेरावाला चप्पल घालायला सांगती!

चाचांचं लक्ष ऊदात होतं. त्यांनी चिमूटभर ऊद टाकला. पांढरा धूर वर चढला, दर्ग्यात घमघमाट सुटला.

सर्जेराव बोलता बोलता थांबला. त्यानं नाक वर केलं.

"चाचा, काय तरी करपतंय."

"ऊद हाय."

"ऊद न्हवं. त्याच्या आत दुसरा वास हाय." त्याच्या चेहऱ्यावर नेहमीची घमेंड आली. "ह्या नाकाला फसवायचं न्हाई. काहिलीच्या बुडाला नखाएवढा पाक धरला तरी मला अदुगर कळतंय. चुलीवर काय ठिवलंय का तुम्ही?"

"काय न्हाई."

"मग कुणी रानात काय पेटवलंय? कातडं जळाल्यागत वास येतोय बघा..."

चाचांनी खाली बघितलं.

"सर्जा. पाय उचल."

"आं?"

"पाय उचल म्हणतो न्हवं!"

असा आवाज चाचांनी दर्ग्यात कधी काढला नव्हता. सर्जेरावानं दचकून उजवा पाय उचलला. चाचा गुडघ्यावर बसले, दोन्ही हातांनी त्याचं पाऊल धरलं आणि उलटं केलं.

चौथा निखारा टाचेच्या पुढं रुतून बसला होता. त्याच्या कडेनं धूर निघत होता.

चाचांनी चिमटा शोधला नाही, काही नाही. बोटांनीच निखारा ओढला आणि लांब फेकला. फेकताना त्यांच्या तोंडातून मोठी आरोळी फुटली. "या अल्ला!" बोटं तोंडात धरून ते तसेच वाकडे झाले.

"अरारा!" सर्जेराव घाबरून खाली बसला. "भाजलं काय चाचा?"

चाचांनी बोटं तोंडातून काढली. त्याच्याकडं बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "मला भाजलं."

सर्जेराव त्यांच्या बोटांवर फुंकर घालायला पुढं झाला. निम्म्यात थांबला. आपल्या पायाकडं बघितलं. तळव्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या, आत लाल. त्यानं तिथं बोट लावलं. मग जोरात दाबलं. मग नख रुतवलं.

दुसऱ्या कुणाच्या तरी पायाला हात लावावा, तसं वाटलं त्याला.

"चाचा..."

"गप."

चाचांनी माठातलं गार पाणी आणलं. पाय मांडीवर घेतला, तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिले. मग दुसरा पायही धुतला. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली त्यांचा हात अडखळला. तिथं कातडी फुगली होती. चाचांनी हलकेच दाबलं, तसं पू आला आणि पूबरोबर अर्ध्या बोटाएवढा काटा बाहेर आला.

बाभळीचा काटा. काळा पडलेला.

"ह्यो कधीचा?"

सर्जेराव आठवत राहिला. बाभळीच्या बांधाला तो शेवटचा गेला होता दिवाळीच्या आधी. त्याला आता पंधरा दिवस झाले होते. पंधरा दिवस तो त्या काट्यावर उभा होता, चालत होता, जेवत होता, झोपत होता. बायकोला सांगत होता की मला काय झालेलं नाही.

"म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

त्याचा आवाज बारीक झाला होता. एवढा मोठा ऐटबाज माणूस, पण भिऊन पार पांढरा पडला. त्या काट्याकडं बघवेना, आणि नजरही काढता येईना.

चाचांची मान खाली होती. ते पाय पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

"त्या दिवशी राखेवरनं चालत आलास," ते म्हणाले. "मी बी गुळव्या. चाळीस वर्सं काहिलीपुढं उभा ऱ्हायलोय. राखेवर पाय पडला की मी नाचतोय, आज बी. आणि तू हसत आलास. माझ्या मनात पाल चुकचुकली हुती, सर्जा. ह्याला भाजत कसं न्हाई, असं आलं हुतं मनात. पण माणसं वाहवा करत हुती. माझा शागीर्द म्हणत हुती. माझीच छाती फुगली. तुला दवाखान्यात न्यायचं सोडून मी फेटा बांधला."

"तुमचं काय चुकलं त्यात..."

"गप म्हणलं न्हवं! साखरेनं तवाच पाय मारलं हुतं तुझं. पाच वर्सं खाल्ली मी तुझी."

चाचांच्या डोळ्यांतून पाणी त्या पायांवर पडत होतं. चाचांना रडताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. चाची गेली तेव्हासुद्धा नाही.

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली.

चाचांनी धुतलेला पंचा फाडून दोन्ही पायांना बांधला. उठले. दाराबाहेर त्यांच्या चपला होत्या, त्या घेऊन आत आले आणि सर्जेरावाच्या पायापाशी ठेवल्या.

"घाल."

"हितं?" सर्जेराव मागं सरकला. "दर्ग्यात? पीरसाहेबाम्होरं?"

"घाल. पीरसाहेबाला मी सांगतो काय ते."

त्यानं घातल्या. चपलेचे अंगठे त्याच्या बोटांत नीट बसतात की नाही हे त्याला वाकून, डोळ्यांनी बघून घ्यावं लागलं. हेही त्याला आजवर कधी कळलं नव्हतं. पायात काय आहे आणि काय नाही, ते बघितल्याशिवाय समजत नव्हतं.

"आता फाट्यावर जाऊया. तालुक्याला वडापची गाडी मिळंल. दिस मावळायच्या आत त्या बाईपुढं पाय ठिव. काटा दाखव. भाजल्यालं दाखव. गोळ्या घेतल्या न्हाईत हे बी सांग. ती शिव्या देईल. खा."

"आणि सोमवार? चुलवण?"

चाचांनी तांब्या माठावर उपडा ठेवला.

"मालक दुसरा गुळव्या उभा करंल, चाचा."

"करू दे."

"मग मी काय करू? मला दुसरं काय येतंय?"

सर्जेरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला राग आला होता. डॉक्टरीणबाईचा, बायकोचा, मालकाचा, आणि सगळ्यांत जास्त त्या दोन मुक्या पायांचा. पन्नास वर्षं ज्यांच्यावर उभा राहिला त्यांनीच दगा दिला, आणि दगा देताना चकार शब्दानं कळवलं नाही.

"पाय कापतील काय माझा?"

"ते मला म्हाईत न्हाई."

"मग ऊदी तरी द्या."

"ऊदीनं काय हुणार न्हाई. गोळ्या घे."

"घेतो. शपथ घेतो, घेतो. पण काय तरी मागा की माझ्यासाठी! मुलखाची दुखणी घालवायला दुवा मागता. कुणाची कंबर, कुणाचं डोकं, कुणाच्या बाळंतिणीच्या कळा. माझ्यासाठी एकदा हात पसरा. बाकी काय मागत न्हाई मी."

चाचा मजारीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात वर केले. उजव्या हाताच्या बोटांना टचटचीत फोड आले होते.

ओठ हलत राहिले.

शेवटी त्यांनी तोंडावरून हात फिरवले.

"काय मागितलंसा?" सर्जेरावानं विचारलं.

"ह्याला दुखू दे, म्हणालो."