येसूकाकी आणि थांबलेलं पाणी

विहिरींवर मोटा चालायच्या, तेव्हाची ही गोष्ट. कातळगव्हाणची शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. पाढे धोंडो गुरुजी शिकवायचे. पण ज्या मुलांची जीभ अडखळायची, ज्यांचे शब्द ओठांवर येऊन अडायचे, त्यांना ते येसूकाकीपाशी बसवायचे. काकी त्यांना कापसाचा बोळा फुंकायला लावायची, मग एकेक शब्द झोका दिल्यासारखा लांबवून म्हणायला शिकवायची.

असं म्हणतात, मुलांवर ती कधी चिडली नाही. तिचा सगळा राग मोठ्यांसाठी होता.

कारण मोठी माणसं ऐकायचीच नाहीत. जीभ सुटावी म्हणून कुणी मुलाला वेखंड चाटवायचं, कुणी पोपटाने उष्टावलेला पेरू खायला घालायचं. काकी म्हणायची, घाला बापडे, पण त्याचं बोलून होईपर्यंत गप्प बसा. तेवढं मात्र कुणाला जमायचं नाही.

म्हाळसा नावाची एक पोर होती. काकीपाशी ती हळूहळू का होईना, पुरतं वाक्य बोलायची. घरी गेली की तिने "भा" म्हणायचा अवकाश, आत्या "भाकरी" म्हणायची, आजा "भाजी" म्हणायचा. पोरीला म्हणायचं असायचं "भाऊ". शेवटी तिने बोलणंच सोडलं. काकी त्यांच्या दारात जाऊन भांडली. आत्या म्हणाली, आम्ही तर तिला मदतच करतो. काकीने कपाळावर हात मारला.

मग भाद्रपदात पावसाने उघडीपच दिली नाही. शेळ्या घेऊन गेलेली म्हाळसा वरच्या बंधाऱ्याकडून धावत आली. पारावर सगळा गाव जमलेला. कितीतरी दिवसांनी तिने तोंड उघडलं. "बं... बं..."

"बंडू?" कुणी म्हणालं. "बंब?" दुसरं म्हणालं. आत्या म्हणाली, बोकड हरवला असेल. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकी पारावर चढली. "तोंडं मिटा," ती म्हणाली. "सगळ्यांनी. तिचं होईपर्यंत."

असं म्हणतात, माणसं गप्प झाली, तशी गुरंही झाली. पाऊस पडत राहिला, पण त्याचा आवाज येईना. आणि वर, भेगाळलेल्या बंधाऱ्यातून बाहेर आलेलं पाणी भिंतीसारखं उभं राहिलं. काकीने पोरीचा हात झोक्यासारखा हलवला.

"बं...धारा," म्हाळसा म्हणाली. "फु...टतोय."

माणसं, गुरं टेकडीवर चढली, आणि मगच पाणी खाली आलं. घरं गेली, जीव एकही गेला नाही.

लोक काकीच्या पाया पडायला लागले. तेवढ्यात कुणी म्हाळसाला विचारलं, घाबरली होतीस का गं? तिने "ना" म्हटलं, आणि आत्याने लगेच सांगून टाकलं, "नाही हो, धीट आहे ती."

काकी मटकन खाली बसली. "पाण्याला कळलं," ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळायचं?"

आजही शाळा उघडते त्या दिवशी येसूकाकीच्या नावाने सगळा गाव पारापाशी जमतो. प्रत्येक नवं मूल वर उभं राहून आपलं नाव सांगतं. कितीही वेळ लागला तरी लोक थांबतात. चुलीवरचं दूध उतू जातं, एसटी निघून जाते. तरी दरवर्षी एखादी आत्या नाहीतर मामा मध्येच नाव बोलून टाकतोच. मग ते मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, आणि सगळा गाव पुन्हा थांबतो.